धोंडुबाईंची अट

जत
१४ नोव्हेंबर २०२५

शोएब,

तुझ्या त्या औषध कंपन्यांच्या संघटनेच्या वेबसाइटवर अगदी खाली, बारीक अक्षरात हा पत्ता सापडला. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे हे मला ठाऊक आहे आणि का बंद आहे तेही ठाऊक आहे. त्याबद्दल मी लिहीत नाहीये. अब्बांबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. काम आहे म्हणून लिहितेय. मराठीत लिहितेय, कारण घरात अम्मीशी आपण दखनीत बोलायचो आणि एकमेकांशी भांडायचो मात्र मराठीत. साडेचार वर्षांनी दुसरी कुठली भाषा चालेल असं वाटत नाही.

मी अजून जतच्या पूर्वेकडच्या त्याच ग्रामीण रुग्णालयात आहे, त्याच लॅबमध्ये. इथं गोचीडताप परत आलाय. तुला हे नाव माहीत नसेल, तुमच्या कागदांत त्याला नुसता नंबर असेल. मेंढरांच्या अंगावरची गोचीड चावली की चार-पाच दिवसांनी ताप चढतो, मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं, पेशी भराभर खाली येतात. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा एका पावसाळ्यात नऊ माणसं गेली. आता तीन आठवड्यांत अकरा जण आलेत आणि तीन गेलेत. एका रुग्णाचं रक्त पुसताना आमची नर्स रेश्मा हिलाही लागण झाली. ती मिरजेला दाखल आहे.

हे ओळखायची पट्टी निघालीय. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, पंधरा मिनिटांत कळतं. ती पट्टी बनवणारी कंपनी तुझ्या संघटनेची सभासद आहे, मी यादी बघितली. आमच्या डॉक्टरांनी तीनदा मागणी केली. पुरवठादार म्हणतो, एप्रिलपर्यंत माल नाही, युरोपातल्या देशांनी आधीच साठा करून ठेवलाय. तिथं या तापाचा एक तरी रुग्ण आहे का रे?

आमचे नमुने वरच्या सरकारी प्रयोगशाळेत जातात आणि चौथ्या दिवशी उत्तर येतं. चौथ्या दिवसापर्यंत माणूस एकतर उठून बसलेला असतो, नाहीतर नसतो. लवकर कळलं तर त्याला वेगळं ठेवता येतं, रक्ताच्या पिशव्या मागवता येतात, मिरजेला वेळेत हलवता येतं.

शंभर पट्ट्या मिळवून दे. एवढंच. आणि ही पट्टी कुणाच्या रक्तावरून निघाली ते मला माहीत आहे, कारण ते रक्त मी काढलं होतं.

नूरीन


जत
२१ नोव्हेंबर

शोएब,

चार ओळी आल्या. वेगळ्या पत्त्यावरून. ‘ऑफिसच्या पत्त्यावर लिहू नकोस. पट्ट्या माझ्या हातात नाहीत. कायद्यानं कंपनीवर कसलंही बंधन नाही. अम्मी कशी आहे?’

अम्मी बरी आहे. गुडघे दुखतात. माधवनगरच्या घरात एकटी राहते, इकडं यायला तयार नाही. तुझ्याबद्दल विचारते तेव्हा मी म्हणते, कामात असेल.

कायद्यानं बंधन नाही, हे वाचून मी लॅबमधून उठून तीन वेळा बाहेर गेले आणि आत आले. मग तू नंतर पाठवलेलं स्पष्टीकरण वाचलं. रक्तातल्या विषाणूची रचना वरच्या प्रयोगशाळेनं उलगडली आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. तसं करणं बरोबरच होतं, जगाला सावध व्हायला वेळ मिळतो. कंपनीनं ती अक्षरं पडद्यावरून उतरवून घेतली आणि पट्टी बनवली. इथून कुणी बाटली नेली नाही, म्हणून कुणी कुणाचं काही लागत नाही. असंच ना?

बाटली नेली नाही हे खरं. पण बाटली भरली होती. ती कशी भरली ते सांगते.

धोंडुबाई म्हणून एक बाई आहे. धनगर, साठीच्या पुढची. कर्नाटकच्या हद्दीला लागून तिची वस्ती. सव्वाशे मेंढरं, एक मुलगा धुळा आणि त्याची बायको माया. दोन वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि त्यातून ती वाचली. वाचलेल्यांचं रक्त फार मोलाचं असतं, म्हणून वरून सांगावा आला की तिचं घ्या. संमतीपत्र इंग्रजीत चार पानांचं होतं. मी म्हटलं, मावशी, तपासणीसाठी आहे, अंगठा द्या. तिनं दिला. तपासणीसाठीच होतं, मी खोटं बोलले नाही. पुढचं सगळं तिसऱ्या पानावर होतं. ते मी वाचलं होतं आणि तिला सांगितलं नव्हतं. बाहेर तीस माणसं खोळंबली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आता मंगळवारी वरच्या प्रयोगशाळेतून राजवर्धन नावाचे एक डॉक्टर आले. तरुण आहेत, बोलायला अदबीचे. त्यांच्याबरोबर एका परदेशी कंपनीचा मुंबईचा माणूस होता. या तापावर औषध बनवायचंय, त्याला वाचलेल्या माणसाचं ताजं रक्त पाहिजे, आणि सगळ्यांत चांगलं रक्त धोंडुबाईचं. मला बरोबर नेलं, कारण ती मला ओळखते.

मेंढरांभोवती वाघर लावण्याचं काम चाललं होतं. जाळीची एक बाजू खुंट्याला बांधूनच ती आमच्याकडं आली. राजवर्धन दहा मिनिटं समजावत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मला विचारलं, मागच्या रगताचं काय झालं? मी सांगितलं. पट्टी झाली. कुठं हाय? म्हटलं, इथं नाही, परदेशात आहे. 

मग राजवर्धनांना म्हणाली, “औषध झालं तर आमच्या वस्तीला मिळंल?”

ते म्हणाले, प्रयत्न करू.

“प्रयत्न नगं. मिळंल म्हणून लिवून द्या. मग रगात न्या, पायजे तेवढं.”

मुंबईचा माणूस हसला. म्हणजे वाईट नाही हसला, पण हसला. धोंडुबाई वळून परत वाघर बांधायला गेली.

गाडीत मला सांगण्यात आलं की तिची समजूत काढणं आता माझं काम आहे. तू वकील आहेस. असला कागद असतो का? कधी कुणी लिहिलाय का?

नूरीन


जत
३ डिसेंबर

शोएब,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदाही आला, पण वेगळ्या जागी.

इंडोनेशियाचं मला माहीत नव्हतं. २००७ साली बर्ड फ्लूचे नमुने द्यायला त्यांनी नकार दिला, कारण त्यांच्या नमुन्यांवरून बनलेली लस त्यांनाच परवडणार नव्हती. जग त्यांच्यावर ओरडलं आणि मग चार वर्षं बसून फ्लूपुरता एक नियम केला. म्हणजे धोंडुबाईनं मागितलं ते एका देशानं मागून झालंय. तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं केलं त्येंनी.

बाकीच्या साथींसाठी तसा नियम नाही, तोच आता तुमच्याकडं चाललाय हेही कळलं. गेल्या मे महिन्यात महासाथींबद्दलचा जागतिक करार मंजूर झाला, पण नमुने कुणी द्यायचे आणि बदल्यात काय मिळायचं, ते परिशिष्ट लिहायचं राहिलंय. महासाथ आली तर कंपन्यांनी शंभरातल्या वीस लसी जागतिक आरोग्य संघटनेला द्यायच्या, त्यातल्या निदान दहा फुकट. बाकीच्या ऐंशींचं काय, ते विचारत नाही. पण महासाथच नसेल तर? जत तालुक्यातली अकरा माणसं म्हणजे महासाथ नव्हे. आता ती सोळा आहेत. आम्ही किती मेलो की तुमचा नियम लागू होतो?

तू दोन्ही बाजू मांडल्यास. बंधनं फार घातली तर कंपन्या असल्या रोगांकडं फिरकणारच नाहीत. असेल. मी लॅबवाली आहे, मला ते तोलता येत नाही. पण पुढं तू लिहिलंस की एप्रिल २०२१ मध्ये आपल्या देशानंही लसी बाहेर पाठवणं थांबवलं होतं, आफ्रिकेतल्या नर्सा महिनोन्‌महिने वाट बघत बसल्या, आणि त्यांच्यातलीही एखादी नूरीन कुणाला तरी शिव्या देत असेल. ‘आपा, त्या वेळी तू त्यांचा विचार केला होतास का?’

नव्हता केला. इथं माणसं मरत होती.

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. युरोपातले लोकही हेच म्हणत असतील, नाही का? बाहेर जाऊन हातपंपावर तोंड धुऊन आले.

बरं. ते राहू दे. मला कागद लिहून दे. एक पान, मराठीत. धोंडुबाईला वाचून दाखवता येईल असं. तू या बाजूचा नाहीस हे मला माहीत आहे. तुझ्या नोकरीला धक्का लागेल असं असेल तर नाही म्हण. पण दुसरा वकील मी आणू कुठून? जतच्या कोर्टातले वकील बांधावरच्या भांडणांचे आहेत, त्यांना विषाणूवर कुणाचा हक्क विचारलं तर ते मलाच तपासून घ्यायला सांगतील.

घाई आहे. काल धुळाला आणलंय. थोडी मेंढरं घेऊन हद्दीपलीकडं, अथणीच्या नदीकाठाला गेला होता. तिथून चढलेल्या तापात मोटरसायकलवर मागं बसून आला. त्याच्या पायाच्या मागं, गुडघ्याच्या वळीत गोचीड सापडली. नमुना पाठवलाय. उत्तर चौथ्या दिवशी.

नूरीन


जत
८ डिसेंबर

शोएब,

धुळा वाचला, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. आज सहावा दिवस. पेशी चढायला लागल्यात. सकाळी त्यानं मायाकडं भाकरी मागितली.

मधले चार दिवस कसे गेले ते मला सांगता येत नाही. उत्तर यायच्या आधीच आम्ही त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. पट्टी नसली की अंदाजानं चालायचं, आणि अंदाज चुकला तर वॉर्डातल्या सगळ्यांना भोगावं लागतं. माया दाराबाहेर बसून होती. धोंडुबाई मेंढरं शेजाऱ्याकडं सोपवून आली आणि खिडकीखाली उभीच राहिली, बसायची नाही.

चौथ्या दिवशी तोच ताप असल्याचं उत्तर आलं आणि त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आमच्या डॉक्टर अमृतनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नाही, तीन आठवडे धड झोपलेला नाही. म्हणाले, “नूरीन, आता तिला सांगा. रक्त दिलं तर औषध निघेल, मुलाच्या कामी येईल. आता ती नाही म्हणणार नाही.”

ते औषध निघालंच तर दोन वर्षांनी निघेल. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी गेले. खोटं वाटतं तुला? मी गेले, शोएब. तिच्याशेजारी उभी राहिले आणि बोलायला सुरुवातही केली. मावशी, ते रक्ताचं म्हणत होते ना डॉक्टर, ते दिलं तर... तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत आशा होती.

“त्यानं माझा धुळा बरा हुईल?”

“नाही,” मी म्हटलं. “त्यानं होणार नाही. ते औषध अजून झालेलं नाही.”

ती परत खिडकीकडं बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, माझ्यातलं रगात सरळ त्येला घालता येतंय का? मी म्हटलं, मिरजेला हलवलं तर तिथले डॉक्टर ठरवतील, तुमच्या रक्तातला पिवळा भाग देतात कधीकधी, पण खात्री नाही. तिनं तिथंच हाताची बाही वर केली. त्यासाठी कुठलाही कागद मागितला नाही. शेवटी मिरजेला हलवायची वेळ आली नाही, त्या संध्याकाळपासून तो सावरत गेला.

मी हे का लिहितेय? कारण त्या खिडकीखाली मला एक गोष्ट कळली. खोटं बोलायला मी सहज निघाले होते. आणि हे पहिल्यांदा नव्हतं.

अब्बांबद्दल लिहिणार नाही म्हणाले होते. आता लिहिते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे महिन्यात अब्बा गेले आणि मी तुला फोनवर लिहिलं, ‘अब्बांच्या वाटची लस तू घेतलीस. बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस फेब्रुवारीत लस घेतो आणि अठ्ठावन्न वर्षांचा बाप इथं रांगेत मरतो.’ तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटलं, गुन्हा कबूल आहे म्हणून गप्प आहेस.

अब्बा रांगेत नव्हते, शोएब. त्यांचा नंबर लागला होता. दोन एप्रिलला, शुक्रवारी, माधवनगरच्या केंद्रावर. सकाळी तयार होऊन बसले होते, मिलमध्ये कामाला जाताना घालायचे तो पांढरा शर्ट घालून. मला फोन केला. मी म्हटलं, अब्बा, आज फार गर्दी आहे, गर्दीतच बाधा होते, पुढच्या शुक्रवारी मी सुट्टी काढते आणि स्वतः घेऊन जाते. ते बरं म्हणाले. तुला माहीत आहे ते कसं म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी केंद्राला कुलूप होतं. लस पुण्यात बनत होती आणि सांगलीत संपली होती. त्यानंतर आली तेव्हा ते तापात होते.

मी आरोग्य खात्यातली बाई. मला जानेवारीतच मिळाली होती. आणि मीच त्यांना थांबवलं.

लस कमी पडली हे खरं आहे. ज्यांनी गरजेच्या दुप्पट साठवल्या त्यांचा दोष आहे, हेही खरं आहे. पण त्या मोठ्या दोषामागं मी माझा दोष लपवला आणि वरून तो सगळा तुझ्या अंगावर टाकला, कारण तू लांब होतास आणि तुझ्याकडं लस होती. अम्मीला हे माहीत नाही. तिला सांगायचं धैर्य अजून नाही.

उत्तर दे किंवा देऊ नकोस.

नूरीन


माधवनगर
२ जानेवारी २०२६

शोएब,

तू उत्तर दिलंस. मी ते अम्मीकडं येऊन वाचलं, मागच्या दारी उभी राहून. तुलाही त्या शुक्रवारी अब्बांनी फोन केला होता, आणि ‘आपा म्हणते तर पुढच्या आठवड्यात जा’ असं तू म्हणाला होतास, हे मला माहीत नव्हतं. साडेचार वर्षं तू याच्यावर गप्प बसलास. आपण दोघंही मूर्ख आहोत. काल रात्री जेवताना अम्मीला सगळं सांगितलं. तिनं ताटातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, त्यांना गर्दीची भीती वाटत होती, तुझा फोन झाल्यावर त्यांनी सुटल्यासारखा शर्ट काढला. मग माझ्या ताटात आणखी एक रोटी टाकली. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, मला ठरवता येत नाही. रडले. आता बास.

कागद मिळाला. तुझं मराठी लय बिघडलंय. ‘लाभार्थी’ आणि ‘हस्तांतरण’ मी काढून टाकले, रागावू नकोस. उरलं ते असं: रक्त कशासाठी घेतलं ते देणाऱ्याला तिच्या भाषेत सांगायचं. त्यातून जी माहिती निघेल ती सगळ्यांसाठी खुली राहील, पण ती वापरून जो पट्टी, लस किंवा औषध बनवेल त्यानं आधी ताप असलेल्या गावांना द्यायचं, मग साठे करायचे. परवडेल असं द्यायचं. आणि बनवायची रीत आपल्याकडच्या प्रयोगशाळेलाही शिकवायची.

रविवारी वस्तीवर जाऊन वाचून दाखवला. धुळा उन्हात बसला होता, अजून हाडं दिसतात. माया चहा करत होती. धोंडुबाईनं दोनदा वाचायला लावला. ‘जत तालुक्यातील गावे’ इथं तिनं हात वर केला.

“आन् अथणीकडची? आमची मेंढरं तिकडं जात्यात, त्येंची हिकडं येत्यात. ताप काय शिव बघून थांबतोय व्हय?”

मी म्हटलं, ते दुसरं राज्य आहे मावशी, तिथलं खातं वेगळं. ती म्हणाली, “मंग जिथं जिथं ह्यो ताप यील तिथं, असं लिव.” मी लिहिलं. तू वकील असून तुला सुचलं नाही, आणि मला रोज तिथले रुग्ण तपासूनही सुचलं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या सोळांपैकी पाच हद्दीपलीकडचे होते.

मग तिनं अंगठा दिला. या वेळी मी आधी प्रत्येक ओळ सांगितली. मागच्या वेळी सांगितली नव्हती, तेही सांगितलं. ती म्हणाली, ठावं हाय मला. तवा तू माझ्याकडं न बगताच पानं उलटली हुतीस.

राजवर्धन कागद घेऊन गेले. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण घडी फार जपून घातली.

तू लिहिलंयस की ऑफिसात कुणीतरी तुला विचारलं, भारतातल्या कुठल्या तरी खेड्यातून एक अटींचा कागद फिरतोय, माहीत आहे का. तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. मला स्वस्थता नाही. लिही.

आपा


जत
३० जानेवारी

शोएब,

तू खरं सांगितलंस. मी लिहिला, म्हणालास. आता तुला त्या परिशिष्टाच्या कामावरून काढलंय आणि पुढं काय ते ठरलेलं नाही. मी तुला यात ओढलं. माफी मागितली तर तू पुन्हा चार ओळींचं पत्र पाठवशील, म्हणून मागत नाही. अम्मी म्हणते, घरी ये, इथंही कोर्टं आहेत.

आता इथलं. वरच्या प्रयोगशाळेनं सही केली. राजवर्धननी साहेबांकडं तीनदा खेटे घातले म्हणे. त्यांच्या हातात जेवढं आहे तेवढं त्यांनी कबूल केलं. त्यांची स्वतःची चाचणी आहे, पट्टीइतकी सोपी नाही, पण यंत्र आमच्याकडं बसवून दिलंय आणि मला आठ दिवस शिकवलं. आता उत्तर चार तासांत येतं. कालच एका पोराचं दुपारी कळलं आणि संध्याकाळी ते मिरजेला पोचलं. रेश्मा कामावर परत आलीय, तिच्याच हातून मी पहिला नमुना लावून घेतला.

परदेशी कंपनीनं सही केली नाही. मुंबईच्या माणसाचा फोन आला. सभ्यपणे बोलला. त्यांना आता धोंडुबाईच्या रक्ताची गरज उरली नाही. हाच ताप आणखी एका देशात निघालाय, तिथून नमुने मिळाले, अट नव्हती. तू त्याच आठवड्यात तेच कळवलंस, देशाच्या नावासकट. तिथंही मेंढपाळच आहेत. तिथल्या सरकारला पैसा हवा होता, दवाखान्यांना हातमोजे हवे होते, त्यांनी नमुने देऊन टाकले. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण त्या रात्री मला वाटलं, एका म्हातारीला आपण उगीच उभं केलं. तिनं नाही म्हटलं आणि जगाचं काही अडलं नाही. औषध होईल, साठे होतील, आणि आम्ही परत एप्रिलची वाट बघू.

हे तिला सांगायला जायचं मी चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी गेले. कातरणी चालली होती. धुळा मेंढरू धरत होता, ती कातरत होती. मी सगळं सांगितलं. तिनं कात्री थांबवली नाही.

विचारलं, तिकडं बाया हायत्या का, ज्येंचं रगात नेलं? म्हटलं, असतील. त्येंच्यात मेलं का कोण? तू कळवलेला आकडा मी सांगितला, वीस-बावीस. तिनं हातातलं मेंढरू कातरून पुरं केलं. ते मेंढरू सोडून दिल्यावर ती उठली, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, कागद घे, लिव.

मी पर्समधून वही काढली. ती उभ्यानंच सांगत गेली, मी तसंच्या तसं लिहून घेतलं. हे ती तुझ्या हाती देतेय. त्या देशातल्या ज्या बाईचं रक्त गेलं तिच्यापर्यंत पोचव, तिच्या भाषेत कर. आता तुला वेळ आहे आणि तिथल्या लोकांना तू ओळखतोस. वकिली शब्द घालू नकोस. अंगठा खाली आहे. शाई पसरलीय, मी दुसरा कागद देत होते तर म्हणाली, असू दे, कळंल तिला.

‘बाई, मी धोंडुबाई. माझ्याकडं मेंढरं हायत. मला बी त्यो ताप येऊन गेला. माझं रगात नेलं तवा मला कुणी ईचारलं न्हाई. तुमास्नी बी ईचारलं नसंल. मी दुसऱ्या बारीला न्हाई म्हटलं, म्हणून ते तुमच्याकडं आलं. ह्यात तुमची चूक न्हाई. माझी बी न्हाई. पण आपल्याला एकमेकींचं ठावं नव्हतं, म्हणून असं झालं. आमचा कागद सोबत हाय. वाचून घ्या. त्यात काय कमी असंल तर घाला, जादा असंल तर काढा. पुढच्या बारीला ते आले तर तुमी लगीच व्हय म्हणू नका, आमास्नी कळवा. आमच्याकडं आले तर आमी तुमास्नी ईचारल्याबिगर व्हय म्हणणार न्हाई.’